पाणी कुठवर येतं

जुन्या कॅलेंडरचा ऑगस्ट फाडून
परशरामनं पाठीमागं तीन घरं काढलीत बॉलपेननं,
उद्यमबागेत शाफ्टची मापं काढतो तशी.
समुद्राचं माप त्याच्याकडं नाही,
म्हणून कागदाची डावी बाजू कोरीच.

वडगावात रात्रीचे साडेदहा.
पुढच्या खोलीत दोन्ही माग चालू आहेत अजून,
इचलकरंजीचा माणूस पंधरा तारखेला न्यायला येणार, तोवर.
कांड्या भरता भरता मी बघते:

पहिलं बैतखोलचं, बंदराला लागून.
बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप खिडकीतून दिसतं,
जेवायला घरी येता येईल.
खिडकीचा गज मी नखानं खरवडला
तर पापुद्राच हातात आला.
"लोखंड खाणारी हवा हाय ही," तो म्हणाला,
आणि लोखंडावर जगणारा माणूस
जरा वेळ गप्प झाला.

दुसरं माजाळीचं. उंबऱ्याबाहेर वाळूच.
प्रणालीनं चपला तिथंच टाकल्या नि पळाली.
भाडं कमी. निघताना मामंजींनी बजावलं होतं,
"मालकाला नको विचारूस, बाई. शेजारणीला विचार,
पाणी कुठवर येतं म्हणून."
शेजारीण उन्हात बांगडे उलटत होती.
कोकणीत काहीतरी बोलली, निम्मं कळलं,
मग माशाच्या हातानंच, लांबून दाखवलं
तुळशीच्या कट्ट्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर
एक पांढरी रेघ.
चुन्याची नव्हे.

माजाळीच्या पुढं नाका, नाक्यापल्याड गोवा.
हे ऐकून मामंजी हसले पोटभर:
"इथली शीव सोडून तिथल्या शिवेवर जाऊलालास व्हय रे?"
रेशन कार्ड चालेल तेच,
बसच्या पाटीवरची अक्षरंही हीच, गोल.
शाळेत कन्नड, गल्लीत कोकणी,
आणि घरात आपलं हे, 'होय की', 'काय की'वालं,
पुण्याच्या लग्नात ज्याला लोक हसले होते.
पोरगी चौथीत आहे.
तीन भाषांत पाढे म्हणेल
की तिन्हींत अडखळेल, कुणाला विचारायचं?

तिसरं सदाशिवगडच्या उतारावर.
समुद्र दिसतच नाही,
मध्ये नारळ आणि कुणाचं तरी बंद गोदाम.
विहिरीचं पाणी चाखून बघितलं, गोड.
बंदर पुलापल्याड, दोन बस बदलून.
भाडं हजारानं जास्त.
नणंद शहापुरातून फोनवर म्हणाली,
"समुद्र दिसत नाही, तर मग तिकडं जायाचं कशाला?"
मी म्हटलं, कुकर झालाय, ठेवते.

खरं कारण त्या कागदावर नाही.
घरमालक परशरामला मीटर दाखवत होता,
तेवढ्यात रिकाम्या खोलीत, नुसत्या फरशीवर
प्रणाली आडवी झाली आणि झोपली.
वडगावात वीज गेली, माग थांबले
की दचकून उठणारी पोर,
"काय झालं?" म्हणून विचारणारी.
मी भिंतीला कान लावला.
नारळांच्या मागं, गोदामाच्या मागं, लांब
कुणाचा तरी धोटा जात होता,
येत होता.
सूत तुटत नव्हतं.

हे मी अजून बोलले नाही.
बसभाड्याला कारण म्हणून ही गोष्ट
कुठल्या रकान्यात लिहायची?
तो महिन्याचे सव्वीस दिवस गुणतोय,
बेरीज पुन्हा चुकते, पुन्हा गुणतोय,

आणि वीज जाते.
दोन्ही माग एकदम.
आतल्या खोलीत प्रणाली कूस बदलते, मी वाट बघते
तिच्या प्रश्नाची.
खिडकीतून वारं येतं, कागद हलतो.
अंधारात चाचपत मी त्यावर
भरलेली कांडी ठेवते,
तिसऱ्या घरावर, अंदाजानं,
उडू नये म्हणून.